पुण्याचा हिशेब आणि देवाची कृपा

(रायपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



नागपूरहून तुमच्याकडे येणारी गाडी डोंगरगड सोडून राजनांदगावला थांबते. याच लोहमार्गावरून 1893 च्या सुमारास तिशी ओलांडलेले एक कोकणस्थ ब्राह्मण नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. कवी, संस्कृतचे जाणकार आणि धर्माच्या प्रश्नांनी अस्वस्थ झालेले. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. कवितेवर बोलणे निघाले, कवितेवरून ते धर्माकडे वळले आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातात ठेवली. तो गृहस्थ कोण होता, हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती भक्तिकवितेचा सर्वांत मोठा प्रवाह असा तुमच्या शेजारच्या स्टेशनावरून वाहत आला आहे. म्हणून आजचा विषय या शहरातल्या मराठी माणसांना परका वाटू नये, अशी माझी आशा आहे.

मी स्वतः मराठी ख्रिस्ती कुटुंबातला, नगरकडचा. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा ज्या गोष्टीवर माझा जीव आहे तीच मांडावी असे ठरवले. माणसाचे तारण त्याच्या सत्कृत्यांनी होत नाही, ते देवाच्या कृपेने होते आणि विश्वासाने ते स्वीकारायचे असते, ही ती गोष्ट. पौलाने इफिस आणि रोम इथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत ती सर्वांत ठसठशीतपणे येते. तारण हे दान आहे, ते कमावता येत नाही, म्हणून कोणाला त्याची फुशारकीही मारता येत नाही, असा त्याचा रोख आहे. ज्या पौलाने हे लिहिले तो परूशी होता. नियमशास्त्र काटेकोर पाळणारा आणि त्या पाळण्याच्या जोरावर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा. सत्कर्मांची पुरी जमा गाठीशी असताना तो ज्या रस्त्याने चालला होता, तो दिमिष्काचा रस्ता चुकीचा निघाला.

येशूने हे सिद्धांताच्या भाषेत सांगितले नाही, मजुरीच्या भाषेत सांगितले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. मालक भल्या पहाटे चौकात जातो, मजूर ठरवतो, दिवसाचा एक दीनार रोज कबूल करतो. पुन्हा नऊच्या सुमारास जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना शेवटचा फेरा मारतो आणि तेव्हाही काही माणसे तिथे उभीच असतात. तुम्ही दिवसभर रिकामे का उभे, असे तो विचारतो. आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात. संध्याकाळी तो शेवटी आलेल्यांपासून मजुरी वाटायला सुरुवात करतो आणि सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दीनार ठेवतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात, आणि त्यांची कुरकुर आपल्याला पटते.

रायपुरात हा दाखला समजावून सांगावा लागू नये. सकाळी मजुरांच्या चावडीवर टिफिन आणि घमेले घेऊन उभी असलेली माणसे तुम्ही रोज पाहता. ठेकेदार आधी कोणाला उचलतो? अंगापिंडाने भरलेल्या तरण्याला. मग जोडीने काम करणाऱ्या नवराबायकोला. दुपार टळून गेल्यावर तिथे कोण उरते? म्हातारा उरतो, पायाने अधू उरतो, कडेवर मूल असलेली बाई उरते. शेवटच्या तासापर्यंत उभे असलेले लोक आळशी होते असे दाखल्यात कुठेही म्हटलेले नाही. त्यांना कोणी घेतले नव्हते, एवढेच म्हटले आहे. आणि एक दीनार म्हणजे काय? एका दिवसाची मजुरी, म्हणजे एका घराची एका दिवसाची चूल. तासाच्या हिशेबाने मालकाने त्यांना दीनाराचा बारावा हिस्सा दिला असता, तर तो चोख ठरला असता आणि त्या रात्री त्यांची मुले उपाशी झोपली असती. पहाटेच्या मजुरांना कबूल केलेले सगळे मिळाले होते. त्यांच्यावर अन्याय झाला नव्हता. त्यांना खुपत होते ते दुसऱ्याला मिळालेले. कृपेबद्दलचा पहिला आक्षेप नेहमी याच जागेवरून येतो, पहाटेपासून राबलेल्याकडून. तो खोटा नाही, पण आपण पहाटेच्या मजुरांत मोडतो हे आक्षेप घेणाऱ्याने गृहीत धरलेले असते.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात आता कर्मसिद्धांत आला असेल. करावे तसे भरावे, हे आपल्या हाडीमासी खिळले आहे, आणि त्याने समाजात जबाबदारीची जाण टिकवून ठेवली हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण हिशेबाच्या धर्माची एक दुसरी बाजू आहे. ती पाहायची तर लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ उघडावे. नारायणरावांच्या पत्नीच्या या आत्मचरित्राचे स्थान मराठीत काय आहे, हे मी सांगण्याची गरज नाही. त्यांच्या आजोबांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने असे काही पछाडले की घराची सगळी घडीच विस्कटली. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. मीठ धुतले तर काय उरते, ते घरातल्या बायकांना ठाऊक होते. पण वडिलांच्या मनात दुसराच प्रश्न होता: पुरेसे शुद्ध झाले का? या प्रश्नाला धुण्याने उत्तर मिळत नाही. एकदा धुतल्यावर दुसऱ्यांदा धुवावेसे वाटते, दुसऱ्यांदा धुतल्यावर तिसऱ्यांदा. घरातली माणसे त्या भीतीखाली भरडली गेली, आणि ज्याने ती भरडली तो माणूस दुष्ट नव्हता. देवाधर्माच्या नजरेत आपण कमी पडू नये, याच धास्तीने तो झपाटलेला होता.

हे वाचताना मला दरवेळी एर्फुर्टचा मठ आठवतो. 1505 साली वादळात वीज कोसळली तेव्हा मार्टिन ल्यूथरने नवस केला आणि तो संन्यासी झाला. उपास, जागरणे, प्रार्थना, कशातच त्याने कसूर ठेवली नाही. पापांची कबुली द्यायला बसला की तासन्‌तास उठत नसे, आणि उठल्यावर काहीतरी राहिले असे वाटून परत येई. त्याचे वडीलधारे गुरू श्टाउपित्स त्यामुळे टेकीला आले होते. 1517 मध्ये पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध त्याने जे 95 मुद्दे मांडले, त्यांच्या मुळाशी ही कोठडीतली तगमग होती. देव आपल्याला नीतिमान ठरवतो तो आपण नीतिमान झाल्यावर नव्हे, ख्रिस्ताकडे पाहून, हे पौलाच्या पत्रात त्याला सापडले तेव्हा त्याचा श्वास मोकळा झाला. कोकणी वळणाच्या ब्राह्मण घरातला गृहस्थ आणि जर्मनीतला आगस्तीनी संन्यासी यांच्यात साडेतीन शतकांचे अंतर आहे, धर्म वेगळा आहे, पण दुखणे एकच आहे. फरक इतकाच की एकाला त्यातून बाहेर पडण्याची वाट मिळाली.

लक्ष्मीबाईंना ती कशी मिळाली, हेही पाहण्यासारखे आहे. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. रडल्या, भांडल्या, सोवळे सोडायला तयार होईनात. नंतर परत आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळे. मग जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे त्यांना एकदा स्वतःच्याच विचाराने उमगले आणि आजपासून कोणाच्याही हातचे खाईन असे त्यांनी ठरवले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या घरात मीठ धुतले जात होते, त्या घरातली मुलगी पुढे कोणाचे पोर आहे हे न विचारता अनाथ मुले पदरात घेत राहिली.

आता पंडिता रमाबाईंकडे येतो, कारण माझ्या मते मराठी माणसांत कृपेचा अर्थ इतक्या खोल आणि इतक्या महागात कोणी शोधला नाही.

1858 सालचा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. सारे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर पायी फिरत होते. तीर्थस्नाने, दाने, उपास, जप, पुण्याच्या वाटेवरचा एकही नेम त्यांनी चुकवला नाही. पुढे दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमा उरले आणि चालत राहिले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिथेच धर्मशास्त्रे वाचताना त्यांना एक गोष्ट जाणवली. ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत, पण स्त्रीच्या मोक्षाबद्दल बहुतेकांचे एकमत आहे: तिला स्वतःच्या बळावर मार्ग नाही. जिला खात्यात काही जमाच करता येत नाही, तिने हिशेबाच्या धर्माचे काय करायचे? रमाबाईंच्या सगळ्या पुढच्या आयुष्यामागे हा प्रश्न उभा आहे.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधल्या फुलहॅम भागात वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे कोणी दटावत नव्हते, जवळ घेत होते. असे का, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली. विहिरीवर भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली परजातीची बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथेच संपली असती तर मी आज ती सांगितली नसती. 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विधी केले, नेम पाळले, मतमतांतरे पारखली. वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून त्यांनी असे वाद घातले की समोरचे चकित झाले. अमेरिकेत जाऊन पैसा उभा केला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, बालविधवांना आसरा दिला. सत्कर्मांच्या मोजमापाने त्यांच्यापुढे कोण उभे राहणार? आणि तरीही मन शांत नव्हते. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे पुस्तक याच काळात त्यांच्या वाचनात आले. हा हॅस्लम स्वतः धर्मगुरू असताना, स्वतःच प्रवचन देत असताना पालटला होता. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींच्या लेखनाचाही त्यांना उपयोग झाला. 1891 च्या सुमारास रमाबाईंना कळले की आपण अजून खातेच भरत होतो, फक्त वही बदलली होती. पूर्वी तीर्थस्नाने मांडत होतो, आता ख्रिस्ती सेवा मांडत होतो. काही न देता, काही न मिरवता, रिकाम्या हातांनी घ्यायचे असते ते अजून राहिलेच होते.

हे कोणीतरी निष्क्रिय होण्यासाठी काढलेले पळवाटेचे तत्त्वज्ञान असते, तर इथून पुढे रमाबाई स्वस्थ बसल्या असत्या. झाले उलटे. 1896–97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. मध्य प्रांत म्हणजे तुमचाच मुलूख. रायपूर आणि बिलासपूर तेव्हा त्याच प्रांताचे जिल्हे होते. वीसेक वर्षांपूर्वी ज्या भुकेने आईवडील गिळले तीच भूक पुन्हा पाहायला बाई स्वतः निघाल्या आणि सुमारे 300 मुली आणि बालविधवा घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. आंधळ्यांसाठी वेगळी सोय झाली, वृद्धांसाठी झाली. फुलहॅममध्ये जे पाहिले होते, तेही केडगावी उभे राहिले: समाजाने नासवून टाकून दिलेल्या बायकांसाठी घर, आणि त्याला त्यांनी नाव दिले कृपासदन. शेवटची वर्षे त्यांनी सबंध बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत आणण्यात घालवली. छपाई मुक्तीतल्याच बायकांनी केली. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली शिकून खिळे जुळवू लागल्या. कमाई म्हणून कोणी एवढे करत नाही. कमाईसाठी राबणारा माणूस कुठेतरी थांबतो, पुरे झाले म्हणतो.

मग सत्कर्मांचे स्थान काय? पौल इफिसकरांना तारण हे दान आहे असे सांगतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात आपण चांगल्या कामांसाठी घडवलेले आहोत असेही सांगतो. याकोबाचे पत्र तर कृतीवाचून विश्वास मेलेला आहे असे बजावते. ल्यूथरला हे पत्र फारसे रुचले नव्हते, पण माझ्या मते इथे त्याची नजर चुकली. पौल विचारतो, देवाशी नाते कशाने जुळते? याकोब विचारतो, जुळले आहे हे कशावरून ओळखावे? दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. आपल्याकडे गीतेने फळाची आशा सोडून कर्म करायला सांगितले. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात त्यावर ‘गीतारहस्य’ लिहिले, आणि ते हिंदीत आणले रायपूरशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या माधवराव सप्रे यांनी. निष्काम कर्माबद्दल मला मनापासून आदर आहे. ख्रिस्ती माणसाची जागा मात्र थोडी वेगळी आहे. त्याला फळाची आशा सोडावी लागत नाही, कारण फळ आधीच पदरात पडलेले आहे. आता तो काम करतो ते ऋण वाटते म्हणून, प्रेम वाटते म्हणून.

या शिकवणीचा गैरवापर होतो, हेही सांगितले पाहिजे. देव क्षमा करणारच आहे, मग बिघडले कुठे, असे म्हणणारे ख्रिस्ती मी पाहिले आहेत. जर्मन धर्मचिंतक दीट्रिख बोनहॉफर यांनी 1937 मध्ये अशा मनोवृत्तीला स्वस्त कृपा म्हटले. हिटलरच्या राजवटीपुढे मान तुकवून रविवारच्या उपासनेत पापक्षमा घेणारे चर्च त्यांच्या डोळ्यांसमोर होते. 9 एप्रिल 1945 रोजी त्यांना फाशी देण्यात आली. आपल्याला फुकट मिळालेली गोष्ट देणाऱ्याला फुकट पडलेली नसते. ज्याला वधस्तंभ दिसत नाही त्याला कृपा कळलेली नाही, असे मी बेधडक म्हणतो.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात या मुद्द्यावर चार शतके तलवारी आणि लेखण्या चालल्या. तो इतिहास लांब आहे, मी त्यात शिरत नाही. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि आपल्या गुणांमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, हे दोघांनी मिळून कबूल केले. पुढे मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या.

सप्रेजींचे नाव घेतले, तर त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग बाजूला ठेवून मला पुढे जाता येणार नाही. ‘हिंदी केसरी’ चालवल्याबद्दल 1908 मध्ये सरकारने त्यांना राजद्रोहाखाली पकडले. घरच्यांच्या दबावापुढे नमून त्यांनी माफीपत्र दिले आणि सुटले. पण स्वतःला ते क्षमा करू शकले नाहीत. सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, वर्ध्याजवळच्या रामदासी मठात राहिले, मधुकरी मागून जगले. पुढे त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत नेला. ज्याच्यात इतकी सचोटी असते, त्याला फुकटच्या क्षमेने बरे वाटेल का? मी या प्रश्नावर पुष्कळ थांबलो आहे. प्रायश्चित्ताला मी कमी लेखत नाही. आपण केलेल्या गोष्टीला वजन असते, ती नुसती पुसून टाकता येत नाही, हे त्यात मानलेले असते. ख्रिस्ती श्रद्धाही हेच मानते, म्हणून तर तिच्या मध्यभागी वधस्तंभ आहे. ती फक्त एवढे सांगते की ते वजन माणसाने एकट्याने उचलायचे नाही. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी तीनदा येशूला नाकारले. सप्रेजींसारखीच त्यालाही भीती वाटली होती. पुनरुत्थानानंतर येशूने त्याला सरोवराच्या काठी गाठले. हिशेब मागितला नाही, माझ्यावर प्रेम करतोस का एवढे तीनदा विचारले आणि मेंढरे त्याच्या हवाली केली. सप्रेजींना कोणी तसे विचारले असते तर, असे माझ्या मनात येते. त्यांच्या तपाचा मान राखूनच मी हे बोलतो.

आता जरा अवघड जागेवर येतो. छत्तीसगडात कृपेचा प्रचार करायला आलेल्यांनी कृपेचे काय केले?

1868 मध्ये ओस्कर लोर हा जर्मन मिशनरी रायपूरला आला. गुरू घासीदासांच्या सतनाम पंथाने निराकार ईश्वर आणि माणसामाणसांतली समानता आधीच शिकवली होती. हा समाज सारा एकदम ख्रिस्ताकडे येईल अशी लोरची खात्री होती. तसे झाले नाही. पंथाला त्याचे गुरू होते, त्याचा स्वाभिमान होता. लोरने सरकारकडून जमीन विकत घेऊन विश्रामपूर वसवले. तिथे शाळा झाली, देऊळ झाले, औषधपाणी झाले, आणि मिशनरी त्या गावाचा मालगुजारही, म्हणजे जमीनदारही झाला. इथे माझे मन अडते. जो रविवारी कृपेवर उपदेश करतो तोच सोमवारी खंड वसूल करतो, गावाचे नियम घालतो, कोणाचे लग्न रीतसर आणि कोणाचे नाही हे ठरवतो, कोणाला मंडळीबाहेर काढायचे तेही ठरवतो. ऐकणाऱ्याच्या मनात देव आणि मालगुजार यांची सरमिसळ झाली तर तो दोष ऐकणाऱ्याचा नाही. 1897 आणि 1900 च्या दुष्काळांत मिशनच्या आश्रयाला पुष्कळ लोक आले. धमतरीला अमेरिकन मेनोनाइट 1899 मध्ये आले तेही या काळातच. या सगळ्या मिशनांनी जीव वाचवले, कुष्ठरोग्यांसाठी चांपा आणि बैतलपूर इथे ज्या वस्त्या उभ्या केल्या त्या बघून मान आदराने लवते. पण भाकरीसाठी धर्म घेतला, हा शिक्काही तेव्हापासून बसला. 1954 मध्ये मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती नियोगी समितीने 1956 च्या अहवालात आमिषाचा आरोप सविस्तर मांडला. त्यानंतर आमिषाने होणाऱ्या धर्मांतराला बंदी घालणारा 1968 चा कायदा आला. त्या अहवालातले सगळे निष्कर्ष मी मान्य करत नाही, आणि आज गावोगाव गरीब ख्रिस्ती कुटुंबांवर जे दडपण येते, मुडदा पुरायला जागा नाकारण्यापर्यंत ज्या गोष्टी जातात, त्या मला असह्य होतात. तरी माझ्या स्वतःच्या लोकांना मी सांगतो: आमिषाला कायद्याने बंदी घालण्याआधी कृपेने बंदी घातलेली आहे. देवाचे दान विकत घेता येत नाही, तर माणसाचा विश्वास तांदूळ देऊन कसा विकत घेता येईल? ज्याने कोणी तसे केले असेल, त्याने तुमच्या धर्माचा अपमान केला आणि त्याआधी आमच्या सिद्धांताचा केला. उपाशी माणसाला भाकरी द्यायची ती तो उपाशी आहे म्हणून. त्याने पुढे कुठे हात जोडावेत, याच्याशी त्या भाकरीचा संबंध नसावा.

वारकरी घरांतले श्रोते मला विचारतील, कृपा आम्हाला नवी आहे का? नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाणीत देवाच्या कृपेची आस जागोजाग आहे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत तर या प्रश्नावरून दोन पंथच झाले. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असते, मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. तारणात माणसाचा हात किती, यावर त्यांनी केलेली चर्चा ख्रिस्ती शतकांतल्या चर्चेइतकीच बारीक आहे. नारायण वामन टिळक स्वतः म्हणत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. मला हे फार खरे वाटते. टिळकांना रेल्वेत मिळालेल्या पुस्तकात सर्वांत आधी पकडले ते डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे नीतीने. शत्रूवर प्रेम करा, मनातला रागही खुनाइतकाच समजा. पण त्या प्रवचनाला जो मनापासून भिडतो, त्याला दोनच दिवसांत कळते की हे आपल्या आवाक्यातले नाही. मग तो एकतर ते मिटून ठेवतो, नाहीतर ज्याने ते दिले त्याचे पाय धरतो. टिळकांनी पाय धरले, आणि पाय धरण्याची रीत त्यांना तुकोबांनी शिकवलेली होती. फरक कुठे पडतो ते मी झाकून ठेवत नाही. आमच्या श्रद्धेत ही कृपा इतिहासातल्या एका ठिकाणी, पंतय पिलाताच्या अमदानीत, यरुशलेमच्या वेशीबाहेर, एका माणसाच्या देहावर घडली आहे. त्या घटनेवाचून उरते ती देवाच्या प्रेमळपणाबद्दलची भावना. तीही मोलाची आहे, पण त्यावर मी माझे मरण टाकू शकत नाही.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र बसतील अशी त्यांची कल्पना होती. मिशनमधल्या अनेकांना ती धोक्याची वाटली. मंडळीची हद्द कुठे आखायची, असा त्यांचा सवाल होता, आणि तो क्षुल्लक नव्हता. तारण कृपेने होते असे म्हणायचे आणि दारात वही घेऊन बसायचे, हे टिळकांना जमेना. दीड-दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. प्रश्न मात्र त्यांनी आमच्यापुढे ठेवला तसाच आहे. माझे मत टिळकांच्या बाजूने आहे, माझ्या मंडळीतल्या बहुतेक पाळकांचे नाही. इथे सभागृहात रायपूरच्या मंडळ्यांतले काही पाळक बसलेले दिसतात. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे, तर या मुद्द्यापासून सुरुवात त्यांनी करावी अशी माझी विनंती आहे.